मातीची मध्यस्थी

आपल्या स्वयंपाकघरातील गोड्या तेलाची बाटली एकदा उजेडात धरून पाहावी. घाण्यावरून नुकतेच उतरलेले तेल गढूळ आणि गडद असते, त्याला बियांचा वास असतो. बाजारातून येणारे शुद्ध केलेले तेल मात्र पाण्यासारखे नितळ दिसते. हा पालट घडवण्यात मोठा वाटा कोणाचा, असे विचारले तर पुष्कळांना उत्तर सुचणार नाही, आणि कोणी सांगितले तर ते खरे वाटणार नाही. तो वाटा मातीचा आहे. आम्लात मुरवलेली, मग धुऊन वाळवलेली एक विशिष्ट माती कारखान्यात गरम तेलात मिसळतात. तेलातील रंगद्रव्ये ती आपल्या अंगाशी ओढून घेते; पुढे गाळणीवर ती वेगळी केली की तेल निर्मळ होऊन बाहेर पडते. आपल्याकडे ज्या मुलतानी मातीने केस धुण्याची अथवा चेहऱ्याला लेप देण्याची चाल आहे, ती या मातीच्याच गोतातली.

तेल स्वच्छ करण्याचे हे काम माती शंभराहून अधिक वर्षे बिनबोभाट करीत आली आहे. आज मला आपणांस तिच्या दुसऱ्या एका उद्योगाची हकीकत सांगावयाची आहे. तेलापासून मोटारीचे इंधन, म्हणजे ज्याला आपण ‘बायोडीझेल’ म्हणतो ते, करण्याच्या कामी मातीला राबवता येईल काय, हा तो प्रश्न. प्रश्न आजचा वाटतो. परंतु त्याची मुळे दोन निरनिराळ्या इतिहासांत आहेत. एक इतिहास तेलाचा आणि दुसरा मातीचा. हे दोन्ही ओघ एकमेकांच्या शेजारून दीर्घकाळ वाहत राहिले आणि फार उशिरा एकत्र आले. ते उशिरा का आले, हे समजले म्हणजे मातीकडून काय मागावे आणि काय मागू नये, हेही समजते.

प्रथम तेलाची कथा घेऊ. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याचे पहिले यशस्वी एंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे चालले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९०० साली, पॅरिसला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात ऑटो कंपनीने मांडलेले एक लहानसे डीझेल एंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालत होते. ते इतके सुरळीत चालले की प्रेक्षकांपैकी थोड्यांच्याच ही गोष्ट ध्यानात आली, असे डीझेलने स्वतः पुढे १९१२ साली नमूद केले आहे. या प्रसंगावरून एक दंतकथा रूढ झाली आहे, ती अशी की डीझेलने आपले एंजिन मुळात शेंगदाण्याच्या तेलासाठीच शोधून काढले. वस्तुस्थिती तशी नाही. ते एंजिन खनिज तेलासाठी बांधलेले होते. भुईमुगाच्या तेलाची सूचना फ्रेंच सरकारची होती. फ्रान्सच्या आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग उदंड पिकत होता. जेथे पिकते तेथेच यंत्रे चालवावीत, खनिज तेल दूरवरून वाहून नेण्याचे संकट टळावे, असा त्यामागील हिशेब होता.

हा हिशेब नीट लक्षात ठेवावा, कारण पुढील सर्व कथेत तोच पुनःपुन्हा भेटतो. ज्या देशाच्या जमिनीखाली तेल नाही, त्याला जमिनीवरील तेलाची आठवण होते. आणि खनिज तेल स्वस्त झाले की तो ती आठवण विसरतो.

भुईमुगाच्या तेलावर एंजिन चालले खरे. पण प्रदर्शनात काही तास चालणे निराळे आणि रस्त्यावर वर्षानुवर्षे चालणे निराळे. वनस्पतीचे तेल खनिज डीझेलपेक्षा सुमारे दसपट किंवा त्याहूनही अधिक दाट असते. ते बारीक तुषारांच्या रूपाने फवारले जात नाही, अर्धवट जळते, आणि एंजिनाच्या तोंडाशी काजळीची पुटे चढतात. तेव्हा एंजिन बदलावे अथवा तेल बदलावे, असे दोनच मार्ग उरतात. तेल बदलण्याचा मार्ग रसायनशास्त्राने दाखवला.

फ्रेंच रसायनज्ञ शेव्हरल याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्निग्ध पदार्थांची घडण प्रथमच स्पष्ट केली. ती समजून घेण्यास आपणांस फार दूर जावयास नको. तेलाचा प्रत्येक रेणू हा एकत्र कुटुंबासारखा असतो. ग्लिसरीन हा त्या घराचा पाया आणि त्यावर मेदाम्लांचे तीन लांबलचक भाऊ एकाच छपराखाली नांदत असतात. हे कुटुंब अवजड. म्हणून तेल दाट. आता त्या भावांची वाटणी करून दिली, प्रत्येकाला मेथिल अल्कोहोलचे एकेक लहानसे बिऱ्हाड थाटून दिले, की तीन सुटसुटीत रेणू तयार होतात. त्यांनाच एस्टर म्हणतात. ग्लिसरीन एकटे उरते आणि जड असल्याने तळाशी बसते. १०० किलो तेलाला सुमारे ११ किलो मेथिल अल्कोहोल लागते; त्यातून सुमारे १०० किलो एस्टर आणि सुमारे १० किलो ग्लिसरीन हाती येते. एस्टरचा दाटपणा खनिज डीझेलच्या जवळपास असतो. हेच बायोडीझेल. ही अदलाबदल पॅट्रिक डफी या रसायनज्ञाने १८५३ सालीच करून दाखवली होती. अर्थात त्या वेळी डीझेलचा जन्मही झालेला नव्हता, आणि डफीचे लक्ष चरबीच्या घटनेकडे होते, इंधनाकडे नव्हते.

परंतु वाटणी आपोआप होत नाही. तेल आणि अल्कोहोल एका भांड्यात घालून ठेवले तर दोघे एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात. त्यांच्यामध्ये कोणी पंच लागतो. वाटणी घडवून आणावी, पण स्वतः वाटा घेऊ नये, आणि काम संपताच आल्या पावली निघून जावे, असा पंच. रसायनशास्त्रात अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. स्वीडनच्या बर्झेलियसने १८३५ साली या व्यापारास स्वतंत्र नाव दिले.

बेल्जियममधील ब्रुसेल्स विद्यापीठाचे जी. शावान यांनी हा व्यवहार प्रथम इंधनासाठी केला. ३१ ऑगस्ट १९३७ रोजी त्यांना बेल्जियन पेटंट क्रमांक ४२२८७७ मिळाले. पामच्या तेलापासून केलेले एथिल एस्टर एंजिनात वापरण्याची पद्धती त्यात वर्णिलेली आहे. बेल्जियमच्या ताब्यातील काँगोमध्ये पामचे तेल विपुल होते. तेव्हा येथेही हिशेब तोच. पुढच्याच वर्षी, १९३८ च्या उन्हाळ्यात, ब्रुसेल्स ते लूव्हाँ या मार्गावर उतारूंची एक बस या एस्टरवर धावली. आजच्या अर्थाने ज्याला बायोडीझेल म्हणता येईल, त्याचा हा पहिला सार्वजनिक प्रवास होय. शावान यांनी पंच म्हणून आम्लाची योजना केली होती. तेलात विरघळून जाणारे, काम झाल्यावर धुऊन काढावे लागणारे असे ते साधन होते.

आता मातीकडे वळू. मातीची कथा तेलाच्या कथेहून जुनी आहे. १७९५ च्या सुमारास हॉलंडमधील चार रसायनज्ञांनी, म्हणजे डाइमान, ट्रोस्टवाइक, बोंट आणि लाउवेरेनबुर्ख यांनी, मद्यार्काची वाफ तापवलेल्या मातीच्या नळीतून जाऊ दिली, तेव्हा पलीकडून एक ज्वलनशील वायू बाहेर आला. आपण त्यास एथिलीन म्हणतो. तीच वाफ काचेच्या नळीतून सोडली तर तो वायू मिळेना. पण काचेच्या नळीत मातीचा एक घटक, ॲल्युमिना, घालून ठेवला की पुन्हा मिळू लागे. म्हणजे करणी उष्णतेची एकटीची नव्हती. नळीची माती त्या व्यवहारात सामील होती. बर्झेलियसने नामकरण करण्यापूर्वी चाळीस वर्षे माती पंचाचे काम करीत होती. तिच्या कामाला तेवढे नाव मिळालेले नव्हते.

त्याही आधी तिची ओळख होती ती धुलाईच्या धंद्यात. लोकरीच्या कापडाला चिकटलेली चरबी काढण्यासाठी युरोपातील कारागीर एक मऊ माती वापरीत. ती त्यांच्या धंद्याला इतकी आवश्यक होती की सतराव्या शतकात इंग्लंडने ती देशाबाहेर पाठवण्यास बंदी घातली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच माती खाद्य तेलाचा आणि खनिज तेलाचा रंग उतरवू लागली. दरम्यान १८४७ साली फ्रान्समधील मोंमोरियों या गावाच्या नावावरून तिच्यातील मुख्य खनिजाचे ‘माँटमोरिलोनाइट’ असे नाव पडले होते. ज्या मातीत हे खनिज प्रामुख्याने असते तिला आपण बेंटोनाइट म्हणतो. आपल्या देशात तिचे मोठे साठे कच्छमध्ये आणि राजस्थानातील बाडमेर भागात आहेत.

मातीच्या या गुणाचा खरा मोठा उपयोग केला तो युजीन हूड्री या फ्रेंच अभियंत्याने. हूड्री १८९२ साली जन्मला. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्सच्या रणगाड्यांच्या दलात लढला आणि जखमी झाला. युद्धानंतर त्याला मोटारींचे वेड लागले, आणि उत्तम पेट्रोलवाचून उत्तम मोटार नाही हे त्याच्या ध्यानात आले. फ्रान्सला स्वतःचे खनिज तेल नव्हते, म्हणून लिग्नाइट कोळशापासून पेट्रोल काढण्याचा त्याने प्रथम प्रयत्न केला. कारखाना उभा राहिला, पण खर्चाचा मेळ बसला नाही आणि सरकारी साहाय्य थांबले. मग तो जड खनिज तेलाचे हलक्या पेट्रोलमध्ये रूपांतर करण्याकडे वळला. शेकडो पदार्थ त्याने उत्प्रेरक म्हणून तपासले. अखेरीस त्याच्या कसोटीला उतरली ती आम्लाने संस्कारलेली माती.

१९३० साली हूड्री अमेरिकेत गेला, आणि १९३७ साली पेनसिल्व्हेनियातील मार्कस हुक येथे सन ऑइल कंपनीचा मोठा कारखाना त्याच्या पद्धतीने चालू झाला. या पद्धतीत मातीवरून तेलाची वाफ जाई, जड रेणूंचे तुकडे होत, आणि मातीवर कार्बनचा काळा थर साचे. पूर्वीच्या संशोधकांना या काजळीने हार खायला लावली होती. हूड्रीने तिच्यावर सोपा उपाय काढला. दर दहा मिनिटांनी तेल थांबवावे, मातीवर हवा सोडावी आणि काजळी जाळून टाकावी; माती पुन्हा कामास सिद्ध. पंचाला वारंवार स्नान घालून पुन्हा चावडीवर बसवावे, तसा हा प्रकार होता. नुसत्या उष्णतेने तेल फोडण्याच्या जुन्या रीतीपेक्षा अधिक आणि सरस पेट्रोल यातून मिळाले. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांना लागणाऱ्या उंची पेट्रोलच्या निर्मितीत या पद्धतीचा फार मोठा भाग होता.

श्रोतेहो, येथे एक साल दोनदा आले आहे, ते आपल्या लक्षात आले असेल. १९३७ साली ब्रुसेल्समध्ये वनस्पतीच्या तेलाचे इंधन झाले, आणि १९३७ सालीच मार्कस हुकमध्ये मातीने तेलाचे रूप पालटले. दोन्ही ठिकाणी तेल होते, दोन्ही ठिकाणी पंच होता. परंतु ब्रुसेल्सच्या तेलाजवळ माती नव्हती आणि मार्कस हुकच्या मातीजवळ वनस्पतीचे तेल नव्हते. ही भेट त्याच वेळी का घडली नाही?

याचे पहिले कारण पैशाचे आहे. महायुद्ध संपताच खनिज तेल स्वस्त आणि मुबलक झाले. पामच्या तेलावरील बस विस्मृतीत गेली. एस्टर करण्याची कला मात्र लोपली नाही. अमेरिकेत १९४२ च्या सुमारास अल्कलीच्या साह्याने हीच अदलाबदल करण्याची पेटंटे दिली गेली, पण ती साबणासाठी आणि ग्लिसरीनसाठी होती. इंधनाचा विचार त्यांत नव्हता.

दुसरे कारण त्या अल्कलीतच आहे. कॉस्टिक सोडा हा फार तडफदार पंच आहे. तेलाच्या वजनाच्या सुमारे एक टक्का सोडा मेथिल अल्कोहोलमध्ये विरघळवून तेलात घातला आणि ६० अंश सेल्सिअसवर तासभर ढवळत ठेवले की वाटणी पूर्ण होते. आम्लापेक्षा हा वेग हजारो पट अधिक आहे. त्यातून सोडा स्वस्त. असा नोकर घरात असताना मातीला कोण हाक मारणार?

परंतु या तडफदार पंचाचे दोन दोष आहेत. एक म्हणजे तो निघून जात नाही. तो तेलात आणि ग्लिसरीनमध्ये विरघळून राहतो. त्याला आम्लाने शमवावे लागते, एस्टर पाण्याने पुनःपुन्हा धुवावे लागते, ते खारट साबणी पाणी कोठेतरी सोडावे लागते, आणि ग्लिसरीन मळके होऊन त्याची किंमत उतरते. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. तेल जुने किंवा खवट असेल तर काही मेदाम्ले कुटुंबातून आधीच बाहेर पडलेली असतात. सोड्याची या सुट्या आम्लांशी गाठ पडली की तो मूळ काम सोडून त्यांचा साबण करीत बसतो. शेकडा अर्ध्याएक भागाहून अधिक सुटी आम्ले असली की सगळ्या भांड्यात फेसाळ लगदा माजतो, आणि एस्टर व ग्लिसरीन वेगळे होण्याचे नाव घेत नाहीत. म्हणून सोड्याला स्वच्छ, कोरडे, ताजे तेल लागते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर माणसाने खाण्याजोगे तेल लागते.

येथे या साध्या रासायनिक तपशिलाला सामाजिक अर्थ प्राप्त होतो. ज्या पद्धतीला खाण्याचेच तेल लागते, ती पद्धती मोटारीच्या टाकीला आणि गरिबाच्या कढईला एकाच रांगेत उभी करते. त्या रांगेत पुढे कोण राहील, हे सांगावयास ज्योतिषी नको.

१९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले आणि विसरलेल्या आठवणी जाग्या झाल्या. १९८० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत सूर्यफुलाच्या तेलाच्या एस्टरवर ट्रॅक्टर चालवून पाहण्यात आले. १९९१ साली ऑस्ट्रियाने मोहरीवर्गीय रेप बियांच्या तेलाच्या एस्टरसाठी इंधन म्हणून पहिले मानक ठरवले. भारतात २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या, म्हणजे जट्रोफाच्या, लागवडीवर भर देणारा अहवाल दिला. पडीक जमीन, अल्प पाणी आणि अखाद्य बी, असा तो मनोहर बेत होता. २००९ च्या राष्ट्रीय धोरणात २०१७ पर्यंत डीझेलमध्ये २० टक्के जैव इंधन मिसळण्याचे उद्दिष्ट होते. उद्दिष्टाच्या जवळपासही आपण पोहोचलो नाही. मोगली एरंड पडीक जमिनीत जगतो हे खरे. पण जगणे आणि भरघोस फळणे या दोन गोष्टी आहेत, हे शेतकऱ्यांच्या अनुभवास आले. २०१८ च्या धोरणात उद्दिष्ट २०३० पर्यंत ५ टक्के असे खाली आणले गेले, आणि वापरून टाकलेल्या खाद्य तेलाचा कच्चा माल म्हणून स्पष्ट उल्लेख झाला.

या पार्श्वभूमीवर संशोधकांचे लक्ष पुन्हा घनरूप उत्प्रेरकांकडे, आणि त्यांत मातीकडे, वळले. विरघळून न जाणारा, गाळून परत काढता येणारा, धुऊन किंवा भाजून पुन्हा वापरता येणारा पंच त्यांना हवा होता. मातीत ही पात्रता कोठून आली, हे विज्ञानाला पूर्वी ठाऊक नव्हते. माती म्हणजे आकारहीन भुकटी, अशीच समजूत होती. क्ष-किरणांनी तिचे अंतरंग उघडे केले; माँटमोरिलोनाइटची रचना हॉफमान, एंडेल आणि विल्म यांनी १९३३ साली मांडली. तिच्यात सिलिका व ॲल्युमिनाचे अतिशय पातळ थर पापडांच्या चळतीप्रमाणे एकावर एक रचलेले असतात. एकेका थराची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतकी. थरांवर ऋण विद्युत्भार असतो आणि तो फेडण्यासाठी थरांच्या मध्ये सोडियम किंवा कॅल्शियमचे धनभारित कण वस्तीस असतात. ते काढून त्यांच्या जागी दुसरे बसवता येतात. आम्लाने संस्कार केला की काही ॲल्युमिनियम निघून जाते, छिद्रे मोकळी होतात, आणि एक ग्रॅम मातीचा एकूण पृष्ठभाग टेनिसच्या एका मैदानाएवढा भरू शकतो. एवढ्या मोठ्या चावडीवर असंख्य वाटण्या एकाच वेळी चालतात.

मातीचेही दोन स्वभाव आहेत. आम्ल संस्कारित माँटमोरिलोनाइट हे आम्लधर्मी. सोडा ज्या सुट्या मेदाम्लांचा साबण करून टाकतो, त्याच मेदाम्लांना ही माती मेथिल अल्कोहोलशी जोडून त्यांचेही एस्टर करते. सोड्याला जो अडथळा, तो मातीला कच्चा माल. दुसऱ्या स्वभावाची माती म्हणजे हायड्रोटाल्साइट. नॉर्वेतील स्नारुम येथे सापडलेल्या या खनिजाचे नामकरण १८४२ साली झाले. निसर्गात ते विरळा, पण प्रयोगशाळेत मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांच्या क्षारांपासून ते सहज बनते. सुमारे ५०० अंशांवर भाजले म्हणजे ते अल्कलीधर्मी होते आणि तेलाची वाटणी करू लागते. या शतकाच्या आरंभापासून जगातील अनेक प्रयोगशाळांत या दोन्ही मातींवर कसून काम झाले आहे.

असे असता कारखाने अजून बहुतांशी सोड्यावरच का चालतात, असे आपण विचाराल. मातीची स्तुती करताना तिचे दोष लपवणे हे तिच्याशी वैर करण्यासारखे आहे; जट्रोफाच्या बाबतीत तेच झाले. तेव्हा दोष स्पष्ट सांगतो. माती मंदगती आहे. तिला बहुधा अधिक उष्णता, अधिक अल्कोहोल आणि अधिक वेळ द्यावा लागतो. तेलाचा रेणू लठ्ठ, त्यामुळे मातीच्या थरांतील अरुंद बोळांत तो शिरत नाही. १९७३ नंतरच्या वर्षांत संशोधकांनी थरांमध्ये ॲल्युमिनाचे सूक्ष्म खांब उभारून हे बोळ रुंद करण्याची युक्ती काढली. ती खनिज तेलासाठी होती, आणि प्रखर वाफेत ते खांब टिकत नसल्याने तेथे ती मागे पडली. शिवाय आम्लधर्मी मातीच्या कामात पाणी उत्पन्न होते आणि तेच पाणी पुढचे काम मंदावते. जुन्या तेलातील गाळ छिद्रे बुजवतो.

सर्वांत फसवा दोष निराळाच आहे. मातीवर पोटॅशियमसारखे अल्कलीधर्मी द्रव्य चढवून तिचा वेग वाढवता येतो. परंतु ते द्रव्य अल्कोहोलमध्ये थोडे थोडे सुटत जाते. मग काम त्या विरघळलेल्या द्रव्याने केलेले असते आणि श्रेय मातीला मिळते. हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. काम अर्ध्यावर असताना गरम मिश्रणातून माती गाळून काढावी आणि उरलेले मिश्रण तसेच तापत ठेवावे. काम थांबले तर पंच खरा. चालूच राहिले तर पंच म्हणून मिरवणारा नुसता खुर्चीवर बसला होता, निवाडा दुसरेच कोणी करीत होते. या कसोटीवर न उतरलेली माती तिसऱ्या-चौथ्या वापरात निस्तेज होते.

तथापि घनरूप पंच मोठ्या कारखान्यात टिकतच नाही, असेही नाही. २००६ साली फ्रान्समधील सेत या बंदरात एक मोठा कारखाना चालू झाला. त्यात जस्त आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांचा घनरूप उत्प्रेरक वापरतात. तो माती नव्हे, पण पाण्याने धुण्याचा खटाटोप तेथे उरत नाही आणि ग्लिसरीन ९८ टक्क्यांहून अधिक शुद्ध मिळते. यासाठी सुमारे २०० अंश उष्णता आणि बराच दाब द्यावा लागतो, ही त्याची किंमत. म्हणजे मार्ग खुला आहे. मात्र तो फुकट नाही.

तर मग मातीचे योग्य स्थान कोणते? माझ्या मते ते ताज्या तेलात नाही. ताज्या तेलात तिने सोड्याशी शर्यत लावली तर ती हरणारच. तिचे स्थान आहे ते हलवायाच्या, वडेवाल्याच्या आणि उपाहारगृहांच्या कढईत उरलेल्या काळसर तेलापाशी. वारंवार तापवलेल्या तेलात सुटी मेदाम्ले आणि आरोग्यास अपायकारक द्रव्ये साचत जातात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून अशा तेलातील ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापुढे ते तेल अन्नासाठी वापरता येत नाही. पण जे वापरू नये ते जाणार कोठे? त्याला किंमत मिळण्याची दुसरी वाट नसेल, तर ते मोठ्या दुकानातून लहान दुकानात आणि तेथून गाडीवर, असे उतरत्या भावाने गरिबाच्याच ताटात परत येते. कायदा दार बंद करू शकतो. मात्र दुसरे दार उघडले नाही तर माणसे खिडकीने आत येतात.

ते दुसरे दार उघडण्यात मातीला काम आहे. सोडा या तेलापुढे हात टेकतो. आम्लधर्मी माती त्याची पूर्वतयारी करू शकते. तिने आधी सुट्या मेदाम्लांचा निकाल लावावा आणि मग सोड्याने उरलेले काम वेगाने आटोपावे, अशी विभागणी दोघांच्याही स्वभावाला धरून आहे. आज हे पूर्वतयारीचे काम बहुधा गंधकाम्ल करते. ते लोखंड खाते आणि शेवटी धुऊन टाकावे लागते. त्याच्या जागी गाळून परत घेता येणारी माती बसवणे, आणि ती दहाव्या वापरातही पहिल्याइतकीच खरी उतरेल अशी करणे, हा संशोधनाचा आजचा प्रश्न आहे. तो सुटला तर देशाचे सगळे डीझेल त्यातून निघेल, असे मी म्हणणार नाही. कढईतील तेल देशाच्या टाक्यांच्या मानाने थोडे आहे. परंतु जे तेल आज चुकीच्या पोटात जाते, त्यातील पुष्कळसे एंजिनाच्या पोटात जाईल; आणि हा लाभ लिटरांत मोजण्याचा नाही.

दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी हॉलंडमधील त्या चौघांनी मातीची नळी हाती घेतली. त्याआधी धुलाईवाल्यांनी, आणि त्यानंतर तेलवाल्यांनी व विमानांच्या पेट्रोलासाठी अधीर झालेल्या राष्ट्रांनी तिच्याकडून आपापली कामे करून घेतली. प्रत्येक वेळी तिला काम मिळाले ते गरजेच्या हाकेने, आणि गरज ओसरताच ती पुन्हा ढिगात जाऊन पडली. आता जी हाक आली आहे ती आपल्याच स्वयंपाकघरातून आलेली आहे. येत्या सणाला तळण आटोपल्यावर कढईत जे तेल उरेल, ते मोरीत ओतण्यापूर्वी किंवा पुन्हा फोडणीला घेण्यापूर्वी क्षणभर थांबावे. एका मातीने ते आपल्या घरी येण्यापूर्वी निर्मळ करून दिले होते. घरातून निघाल्यावर त्याला योग्य ठिकाणी पोहोचवण्याचे कामही, आपण ते वेगळे साठवून योग्य हाती दिले, तर तिच्याच गोतातील दुसरी माती करू शकेल.